पानासारखा दिसतो म्हणून फसू नका: उष्ण प्रदेशातले विलक्षण प्रार्थना कीटक ओळखायचे कसे

आग्नेय आशियातला डेरोप्लॅटिस, आफ्रिकेतला फिलोक्रेनिया आणि दक्षिण अमेरिकेतला अ‍ॅकँथॉप्स हे तिन्ही प्रार्थना कीटक वाळक्या, चुरगळलेल्या पानासारखे दिसतात. तिघांचे फोटो शेजारी ठेवले तर नवखा माणूस ते एकमेकांचे भाऊबंद आहेत असंच म्हणेल. प्रत्यक्षात ते तीन वेगळ्या कुळांतले आहेत. वाळकं पान प्रत्येक जंगलात असतं आणि पक्षी त्याकडे लक्ष देत नाहीत, म्हणून हा वेष वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झाला.

ओळखताना होणारा घोटाळा नेमका इथून सुरू होतो. आपलं लक्ष आधी वेषावर जातं, कारण वेषच डोळ्यांत भरतो. नातं मात्र दुसऱ्याच अवयवांत दडलेलं असतं: पुढच्या पायांचे काटे, शृंगिका, डोक्याचा आकार, मानेवरच्या ढालीची घडण आणि पंखांच्या शिरा. जगात प्रार्थना कीटकांच्या सुमारे 2,400 ज्ञात प्रजाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक उष्ण कटिबंधात राहतात. एवढ्या गर्दीत रंगावरून नाव शोधायला गेलं तर चुकायला होणारच.

आधी तो प्रार्थना कीटक आहे ना, हे पाहा

मँटिसफ्लाय नावाचे कीटक प्रार्थना कीटकासारखेच पुढचे पाय दुमडून बसतात, पण ते जाळीपंखी गणातले आहेत. त्यांचे पंख पारदर्शक असतात, त्यांवर शिरांची दाट जाळी असते आणि बसताना ते पाठीवर उतरत्या छपरासारखे मिटलेले असतात. प्रार्थना कीटकाचे पुढचे पंख बहुधा चिवट, कातडी पोताचे असतात आणि एकावर एक सपाट पडतात. उदराच्या टोकालाही फरक दिसतो. प्रार्थना कीटकाला तिथे दोन लहान, खंडयुक्त शेपट्या असतात, मँटिसफ्लायला त्या नसतात. काडीकिड्यांशी गल्लत झाली तर पुढचे पाय पाहा. काडीकिडा वनस्पतिभक्षी आहे, त्याला शिकार पकडणारे काटेरी पाय नसतात.

प्रार्थना कीटकांचे खरे जवळचे नातेवाईक म्हणजे झुरळं आणि वाळवी. हे लक्षात असलं की मेटॅलिटिकस पाहून गोंधळ होत नाही. दक्षिण आणि आग्नेय आशियातला हा धातूसारखा चकाकणारा, हिरवा-निळा-जांभळा, चपटा कीटक झाडाच्या सालीखाली वावरतो आणि पहिल्या नजरेला सुंदर झुरळच वाटतो. त्याच्या पुढच्या मांडीवर बुंध्याकडचा एक काटा इतरांपेक्षा ठळक मोठा असतो. तो दिसला की शंका उरत नाही.

पुढचा पाय

ओळखीसाठी शरीराचा एकच भाग निवडायचा असेल तर पुढचा पाय निवडावा. त्याचे भाग क्रमाने असे: शरीराला जोडलेला लांब कॉक्सा, मग छोटा सांधा, मग जाड मांडी म्हणजे फीमर, आणि शेवटी खिशातल्या चाकूच्या पात्यासारखी मांडीवर मिटणारी नडगी म्हणजे टिबिया. टिबियाच्या टोकाला वाकडी नखी असते. त्यापुढचा बारीक पाऊल-भाग चालताना उपयोगी पडतो, ओळखीसाठी त्याचं महत्त्व कमी.

फीमरच्या खालच्या बाजूला काट्यांच्या दोन रांगा असतात, एक आतल्या कडेला आणि एक बाहेरच्या. दोन्हींच्या मध्ये, बुंध्याजवळ, काही मोठे काटे वेगळे उभे असतात. बहुतेक गटांत हे मधले काटे 3 किंवा 4 असतात आणि बाहेरच्या रांगेत साधारण 4. आतल्या रांगेत काट्यांची संख्या जास्त असते आणि त्यांच्या लहान-मोठेपणाचा क्रम कुळाचं नाव सांगतो. एम्पुसिडी कुळात दोन मोठ्या काट्यांच्या मध्ये तीन बारीक काटे येतात: मोठा, तीन लहान, पुन्हा मोठा. हा क्रम दिसला आणि डोक्यावर उभा शंकूसारखा उंचवटा असला, तर कुळ जवळजवळ निश्चित झालं. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला गाँजिलस गाँजिलोडेस आणि पूर्व आफ्रिकेतला इडोलोमँटिस डायबोलिका हे दोघेही याच कुळातले.

हायमेनोपोडिडी कुळात, म्हणजे बऱ्याचशा फूल-मँटिसांच्या (फुलासारखा वेष असलेल्या प्रार्थना कीटकांच्या) कुळात, टिबियाच्या बाहेरच्या कडेचे काटे दाटीवाटीने लागलेले आणि आडवे झुकलेले असतात. याउलट अ‍ॅमॉर्फोसेलिस या सालीवरच्या लहानशा कीटकाच्या टिबियावर शेवटची नखी सोडली तर काटेच नसतात. तिन्ही खुणांसाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. 90 ते 105 मिलिमीटरची मॅक्रो लेन्स पुरते, मोठ्या प्रजातींसाठी मोबाइलला लावायचं मॅक्रो भिंगही चालतं.

अडचण अशी की कीटक पाय मिटून बसतो आणि आतली बाजू झाकली जाते. पाय हाताने ओढून उघडायचा नाही. सांधा निखळतो, किंवा पाय तुटू शकतो. त्याला पारदर्शक डबीत काही मिनिटं ठेवा. तो बाजूच्या भिंतीवर चढतो, पाय पसरतो आणि काट्यांचा फोटो बाहेरूनच मिळतो. दुसरा मार्ग म्हणजे तो पाय चाटून साफ करेपर्यंत थांबणं. खाल्ल्यानंतर बहुतेक प्रार्थना कीटक हे काम अगदी मन लावून करतात.

कॉक्साच्या आतल्या बाजूचे रंग आणि गाठीही नोंदवा. युरोप, आफ्रिका आणि आशियाच्या मोठ्या भागात आढळणाऱ्या मँटिस रिलिजिओसाच्या कॉक्सावर आतून काळा डाग असतो, कित्येकदा मध्ये पांढरा. आशियातल्या हायरोड्युला वंशात कॉक्साच्या कडेवरच्या फुगीर पिवळट गाठी आणि पुढच्या पंखावरचा पांढरा ठिपका उपयोगी पडतो. रंगावर भरवसा ठेवायचा नाही, पण असे ठरावीक जागचे डाग त्याला अपवाद आहेत. एरवी एकाच प्रजातीत हिरवे आणि तपकिरी दोन्ही सापडतात, आणि वणव्यानंतर जळलेल्या जमिनीवर काही प्रजाती कात टाकून काळ्या झालेल्याही दिसतात.

डोकं, मान, पंख

डोक्याचा समोरून एक फोटो घ्याच. डोळे गोल आहेत की टोकदार, डोक्यावर शिंग किंवा पानासारखा उंचवटा आहे का, आणि दोन मोठ्या डोळ्यांच्या मधल्या तीन साध्या डोळ्यांचा आकार केवढा, हे त्यात दिसतं. नरांत हे साधे डोळे सहसा मोठे असतात. डोळ्यातला काळा ठिपका आपल्याकडे वळून पाहतोय असं वाटतं, पण ती बाहुली नव्हे. आपल्या दिशेला असलेली डोळ्याची भिंगं प्रकाश आत शोषून घेतात, म्हणून तेवढा भाग काळा दिसतो. रात्री तर पूर्ण डोळे काळपट होतात, त्यामुळे डोळ्यांचा रंग ही ओळखीची खूण नाही.

मानेसारखा दिसणारा लांब भाग खरं तर छातीचा पहिला खंड आहे. त्याच्या वरच्या कवचाला प्रोनोटम म्हणतात. आग्नेय आशियातला डेरोप्लॅटिस, अमेरिकेतला कोएराडोडिस आणि आशियातला रॉम्बोडेरा या तिघांचाही प्रोनोटम कडांना पसरून ढालीसारखा होतो. नुसतं ‘ढाल आहे’ एवढं लिहून भागत नाही. ढाल डोक्याच्या मागून सुरू होते की खांद्यापासून, सगळ्यात रुंद कुठे आहे, कड गुळगुळीत आहे की दातेरी, हे लिहा. डेरोप्लॅटिसच्या मादीची ढाल रुंद असते आणि नराची अरुंद. लिंग न पाहता तुलना केली तर एकाच प्रजातीच्या दोन प्रजाती होतात.

माप घ्यायचं तर प्रोनोटमचं घ्या: लांबी आणि सर्वांत रुंद जागेची रुंदी. हा भाग टणक असतो, त्यामुळे माप बदलत नाही. डोक्यापासून उदराच्या टोकापर्यंतची लांबी मात्र खाल्ल्यावर वाढते, अंडी भरल्यावर वाढते आणि उपाशी राहिल्यावर घटते.

पंखांचे ठसे फूल-मँटिसांत फार बोलके असतात. आफ्रिकेतल्या स्यूडोक्रिओबोट्रा वाल्बर्गीच्या पंखावर काळ्या रेषेने वळण घेतलेला, आकड्यासारखा दिसणारा मोठा डोळा असतो. आशियातल्या क्रिओब्रोटरच्या पंखावरचा ठिपका साधा, फिकट आणि काळ्या किनारीचा असतो. वंश इथे कळतो, प्रजाती नाही.

लिंग आणि वय आधी, नाव नंतर

खालच्या बाजूने उदराच्या पट्ट्या मोजा. मादीत 6 दिसतात, नरात 8. मादीची शेवटची पट्टी मोठी आणि टोकाला फुगीर असते. ही मोजणी मोठ्या पिल्लांतही चालते. शृंगिका दुसरा पुरावा देतात. बहुतेक प्रजातींत नराच्या शृंगिका लांब आणि जाड असतात, एम्पुसिडी कुळात तर नराच्या शृंगिकांना दोन्ही बाजूंनी पिसासारखे फाटे असतात.

लिंग आधी ठरवायचं कारण हायमेनोपस कोरोनॅटस, म्हणजे ऑर्किड मँटिस, पाहिला की पटतं. मादी 6 ते 7 सेंटिमीटरची, नर तिच्या निम्म्याहूनही लहान. नर सडपातळ असतो आणि चांगला उडतो. दोघं एकत्र पाहिले नाहीत तर ते एकाच प्रजातीचे आहेत हे सुचणारही नाही. त्याचं अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू लालसर-काळं असतं आणि मुंगी किंवा मारेकरी ढेकणाच्या पिल्लासारखं दिसतं. पांढरा-गुलाबी रंग येतो तो पहिली कात टाकल्यावर. आशियातल्या ओडोंटोमँटिसची छोटी पिल्लंही काळ्या मुंगीसारखी असतात. म्हणून अगदी लहान पिल्लाचा फोटो प्रौढांच्या चित्रांशी जुळवत बसण्यात अर्थ नाही.

पिल्लू आणि आखूड पंखांचा प्रौढ यांत फरक कसा करायचा? पिल्लाचे पंखांकुर अंगाला चिकटलेले, जाड आणि न हलणारे असतात. प्रौढाचे पंख आखूड असले तरी एकमेकांवर सरकतात, त्यांना सांधा असतो आणि शिरा मोकळ्या दिसतात. पंखांकुर फुगले आणि कीटकाने खाणं सोडलं की शेवटची कात जवळ आली.

शोधायचं कुठे आणि कसं

दिवसा शोधणं अवघड, रात्री सोपं. डोक्याला लावायची बॅटरी घ्या आणि झाडाच्या खोडावर प्रकाश समोरून न टाकता खोडाला जवळजवळ समांतर टाका. सालीला चिकटलेला चपटा कीटक समोरच्या उजेडात सालीत विरून जातो, तिरप्या उजेडात त्याची सावली पडते आणि तो उठून दिसतो. अमेरिकेतला लिटर्ग्युसा किंवा आशिया-आफ्रिकेतले सालीवरचे इतर वंश चाहूल लागताच खोडाच्या पलीकडच्या बाजूला धावतात, तेही फार वेगाने. एकट्याने गोल फिरलात तर तोही तुमच्याबरोबर फिरत राहतो. दोघांनी दोन बाजूंनी जायचं आणि एकाने स्थिर उभं राहायचं.

झुडपांत पानांची खालची बाजू पाहा. फुलांच्या खालच्या पानांवर फुलपाखरांचे किंवा मधमाश्यांचे सुटे पंख पडलेले दिसले तर वरचं प्रत्येक फूल नीट तपासा. प्रार्थना कीटक मऊ भाग खातो आणि पंख टाकून देतो. त्यात कोळ्याचाही हात असू शकतो, पण शोधायला ती चांगली जागा आहे. ऑर्किड मँटिस मात्र फुलांवरच बसलेला असेल असं गृहीत धरू नका. मलेशियात केलेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तो फुलांपासून दूर, हिरव्या पानांत बसलेला असतानाही परागीभवन करणारे कीटक त्याच्याकडे थेट आले, आणि तुलनेसाठी निवडलेल्या फुलापेक्षा जास्त आले. तो स्वतःच फूल असल्याचा आभास निर्माण करतो. म्हणून शोध हिरव्या झुडपांतही घ्यावा.

पांढरा पडदा आणि अतिनील दिवा लावला तर उडणारे प्रार्थना कीटक येतात. पडद्यावर मुख्यतः नर येतात, कारण अनेक प्रजातींच्या माद्या जड असल्याने उडत नाहीत. अमावास्येच्या आसपासची, दमट आणि वारा नसलेली रात्र उत्तम. पेरूमध्ये 2013 साली दिव्याकडे आलेला एक लाल-केशरी नर इतका गांधिलमाशीसारखा होता की तो नवा वंश आणि नवी प्रजाती ठरला. 2019 मध्ये त्याला व्हेस्पामँटॉइडा व्हर्लेयी हे नाव मिळालं. रंग तर गांधिलमाशीचा होताच, तो चालताना शरीराला झटके देत होता आणि शृंगिकाही तशाच हलवत होता. मेलेल्या नमुन्यात यातलं काही उरत नाही. म्हणून फोटोबरोबर 20-30 सेकंदांचा व्हिडिओ घेण्याचा आमचा आग्रह आहे.

वागणूक टिपताना उजेडाची काळजी घ्या. दक्षिण अमेरिकेतल्या स्टेनोफिला लोबिव्हर्टेक्स या प्रजातीची मादी अंधारात पाठीतून वाय अक्षरासारखी, अळीगत हलणारी गंधग्रंथी बाहेर काढते आणि नराला बोलावते. प्रखर उजेड पडला की ग्रंथी लगेच आत जाते. याचं वर्णन 2021 मध्ये झालं, इतका उशीर लागायचं एक कारण हेच असावं. मंद लाल दिवा वापरा आणि पहिली काही मिनिटं फक्त पाहा. इतर अनेक प्रजातींत मादी बोलावताना उदर खाली वाकवते आणि पंख किंचित उचलते. ही मुद्रा आजारपणाची समजली जाते, ते चूक आहे.

धमकावण्याची मुद्राही ओळखीला मदत करते, कारण एरवी झाकलेले मागचे पंख आणि पुढच्या पायांच्या आतले रंग त्यात उघडतात. पण फोटोसाठी कीटकाला वारंवार डिवचू नका. इडोलोमँटिससारख्या मोठ्या प्रजाती पूर्ण ताकदीने पवित्रा घेतात आणि दमतात. चुकून एकदा मिळाला तर घ्यायचा.

फोटोंचा संच

एका सुंदर फोटोपेक्षा सात कामचलाऊ फोटो ओळखीला जास्त उपयोगी असतात: वरून पूर्ण, बाजूने पूर्ण, डोकं समोरून, प्रोनोटम वरून आणि शेजारी मिलिमीटरची पट्टी, पुढच्या पायाची आतली बाजू, तीच बाहेरून, आणि उदर खालून. फ्लॅशवर पांढरा कागद किंवा डिफ्यूझर लावा, नाहीतर काट्यांवर चमक येऊन ते मोजता येत नाहीत. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ 11 च्या आसपास ठेवलं तर काट्यांची पूर्ण रांग स्पष्ट येते. सोबत तारीख, वेळ, उंची, आसपासची वनस्पती आणि कीटक जमिनीपासून किती वर होता, हे लिहा.

टाकलेली कात सापडली तर फेकू नका. तिच्यात पायांचे काटे, डोक्यावरचा उंचवटा आणि ढालीची कड जशीच्या तशी असते. कोरडी कात ठिसूळ असते, म्हणून ती ओलसर टिश्यू ठेवलेल्या बंद डबीत काही तास मऊ करा आणि मग पाय हलकेच उघडून फोटो घ्या. जिवंत कीटकाला त्रास न देता काटे मोजण्याची याहून चांगली सोय नाही.

अंड्यांची पेटीही पाहा. आकार, लांबी, फेसाळ आवरण आणि काडीवर ती कशी चिकटवली आहे हे गटागटाप्रमाणे बदलतं. आफ्रिकेतल्या टॅराकोडेस वंशाची मादी पेटीवर बसून राखण करते, ती हलवू नका. पेटीच्या बाजूंना बारीक गोल छिद्रं दिसली तर आतली अंडी पोडॅग्रिऑनसारख्या परजीवी गांधिलमाश्यांनी खाल्लेली असण्याची शक्यता मोठी आहे.

पिल्लू वाढवून ओळखायचं असेल तर

स्थानिक नियमांप्रमाणे परवानगी असेल तरच. डबा कीटकाच्या लांबीच्या किमान तिप्पट उंच आणि दुप्पट रुंद हवा, आणि छताला जाळी हवी. कात टाकताना तो उलटा लटकतो आणि जुन्या कातडीतून खाली सरकतो. छत गुळगुळीत असलं तर तो पडतो, उंची कमी असली तर पाय वाकडे वाळतात, हवा फार कोरडी असली तर कात अडकते. पंख चुरगळलेला प्रौढ मिळतो तो बहुतेक वेळा या तीनपैकी एका कारणाने.

बहुतेक वर्षावनी प्रजातींना 24 ते 30 अंश सेल्सिअस तापमान आणि दिवसातून एकदा भिंतीवर, कीटकावर नव्हे, पाण्याचा हलका फवारा पुरतो. गाँजिलस आणि इडोलोमँटिस यांना याहून जास्त उष्णता लागते आणि ते उडती शिकार पसंत करतात, जमिनीवरच्या रातकिड्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. लहान पिल्लांना फळमाश्या द्या. कात टाकण्याच्या सुमारास डब्यात उरलेला रातकिडा काढून घ्या, मऊ पडलेल्या मँटिसला तो कुरतडून मारतो. कात टाकल्यावर दिवसभर हात लावायचा नाही.

नाव किती खोल द्यायचं

प्रदेशाने यादी झटकन लहान होते: हायमेनोपस आणि डेरोप्लॅटिस आशियात, इडोलोमँटिस आणि फिलोक्रेनिया आफ्रिकेत, अ‍ॅकँथॉप्स आणि स्टेनोफिला अमेरिकेत. छंदासाठी पाळलेले कीटक निसटतात, म्हणून शहराजवळ सापडलेल्या परक्या प्रजातीबाबत ही शक्यता नोंदीत लिहा.

त्यापुढे मर्यादा आहे. अनेक वंशांत प्रजाती ठरते ती नराच्या जननेंद्रियांच्या सूक्ष्म कवचांवरून, आणि त्यासाठी नमुना व प्रयोगशाळा लागते. मादागास्करमधला इलोमँटिस गिन्सबर्गी 2016 मध्ये मादीच्या जननेंद्रियांवरून वेगळा ठरवला गेला, तेव्हा तो नमुना 1967 पासून संग्रहालयात पडून होता. फोटोवरून ‘हायरोड्युला, प्रजाती अनिश्चित, प्रौढ मादी’ असं लिहिणं ही पूर्ण आणि उपयोगी नोंद आहे. अंदाजाने लावलेलं प्रजातीचं नाव मात्र वितरणाच्या नकाशात शिरतं आणि पुढे वर्षानुवर्षं कोणी तरी ते खोडत बसतं.

आयनॅचरलिस्टसारख्या, निसर्गातल्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवणाऱ्या संकेतस्थळावर नोंद टाकताना दुर्मिळ आणि देखण्या प्रजातींचं नेमकं ठिकाण झाकून ठेवा. पाळीव कीटकांच्या बाजारासाठी गोळा करणारे लोक अशा नोंदी वाचतात, आणि एखाद्या झुडपावरच्या अंड्यांच्या पेट्या काढून नेल्या की तिथली पुढची पिढी तिथल्या तिथे संपते.